विधेयक आलंच नाही, मग नियम कसा बदलला?

वाचकाचं पत्र

सोलापुरात भवानी पेठेत आमचे आठ यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. कागदपत्रांचं सगळं मी बघते. एका सरकारी विभागाने आमच्यासारख्या कारखान्यांना लागू होणाऱ्या नियमांचा नवा मसुदा राजपत्रात छापला आहे. वार्षिक परवाना शुल्क ५०० रुपयांवरून ३,००० रुपये होणार, तेही मागच्या १ एप्रिलपासून. नोंदवह्या नीट नसल्या तर तपासणीला आलेला अधिकारी जागेवरच २५,००० रुपयांपर्यंत दंड ठरवणार. हरकतींना ३० दिवस होते, आम्हाला एकविसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळलं. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "नियम म्हणजे कायदाच, आता काही होत नाही." आमदारांच्या कार्यालयात गेले तर सांगितलं, "विधेयक सभागृहात आलंच नाही, साहेब बोलणार कशावर?" सभागृहात न येता असा नियम होऊ शकतो का? आणि होत असेल, तर विभागावर लक्ष कोणाचं?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नऊ दिवस हातात आहेत, म्हणून आधी कामाचं. हरकत लेखी द्या आणि मुदतीच्या आत पोहोचेल अशी द्या. आमदार, समिती, न्यायालय हे सगळं त्यानंतर. दोन्ही कार्यालयांत तुम्हाला अर्धंच उत्तर मिळालं, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमचे अधिकार आहेत.

सभागृहात न येता नियम होऊ शकतो. विधानमंडळ कायदा करतं, पण फॉर्म कोणता, नोंदवही कशी, शुल्क किती, मुदत किती हे ठरवायचं काम कायद्यातल्याच एका कलमाने सरकारकडे सोपवतं. हे कलम बहुधा कायद्याच्या शेवटी असतं, "नियम करण्याचा अधिकार" या मथळ्याखाली. सोपवण्याला मर्यादा मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिल्ली लॉज ॲक्टच्या प्रकरणात ती आखून दिली: धोरण ठरवण्याचं मूळ काम विधिमंडळाला दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, तपशील भरण्याचं देता येतं. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर डिझाइन मालकाने द्यायचं आणि माग जॉबरने लावायचा. जॉबर ताण बदलेल, धागे बदलेल, वेग कमी-जास्त करेल. पण टॉवेलचं डिझाइन दिलेलं असताना त्याने चादर विणायला घेतली, तर ती कितीही चांगली झाली तरी त्याला तो अधिकार नव्हता. नियमाचंही तसंच. मूळ कायद्याच्या चौकटीत असेपर्यंत तो कायद्याइतकाच बांधतो, चौकटीबाहेर गेला की तो अधिकारबाह्य.

मसुद्याचा पहिला परिच्छेद

बहुतेक लोक शुल्काचा आकडा बघतात आणि पहिला परिच्छेद सोडून देतात. खरी माहिती तिथेच असते. "... अधिनियम याच्या कलम अमुकच्या पोट-कलम (१) व (२) अन्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून" असं एक लांबलचक वाक्य असेल. तो अधिनियम आणि ते कलम लिहून घ्या. मग अधिनियमाची अद्ययावत प्रत काढा आणि तीन ठिकाणं वाचा: नियम करण्याचं कलम, शुल्काचं कलम, शास्ती किंवा दंडाचं कलम. तासाभराचं काम आहे. तुमची अर्धी हरकत त्यातूनच तयार होईल.

नियम करण्याच्या कलमात "पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीच्या अधीन" हे शब्द आहेत का, ते नक्की बघा. ते असतील तर मसुदा छापणं, हरकतींसाठी तारीख देणं आणि आलेल्या हरकती विचारात घेणं विभागाला टाळता येत नाही. केंद्रीय कायद्यांसाठी हे १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे, आणि राज्याच्या कायद्यांसाठी १९०४ च्या महाराष्ट्राच्या तशाच अधिनियमात. हे शब्द नसतील तर हरकती मागवणं ही विभागाची मर्जी ठरते.

याच तरतुदीत एक अडचण आहे, आणि मुदतीचा एवढा आग्रह तिच्यामुळेच. पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला अंतिम नियम राजपत्रात छापून आला की तो रीतसर केल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे "आमच्या हरकती वाचल्याच नाहीत" हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं. दरवाजा आज उघडा आहे, अंतिम अधिसूचनेनंतर तो जवळजवळ बंद होतो.

आणि हातात आलेला कागद नेमका कोणत्या जातीचा आहे, हेही तपासा. व्हॉट्सॲपवर फिरणारं पान कधी अधिसूचना असते, कधी शासन निर्णय, कधी नुसतं परिपत्रक. शासन निर्णय आणि परिपत्रकं ही प्रशासनाची आपली आपल्याला दिलेली सूचना. नियमात जिथे काही लिहिलेलं नाही ती मोकळी जागा त्यांनी भरता येते, पण नियमाच्या किंवा कायद्याच्या विरुद्ध जाता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संतराम शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्र अधिनियमांखालचे नियम शासन राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये येतात, आणि केंद्रीय अधिनियमांखाली राज्याने केलेले नियम भाग चार-अ मध्ये. ई-राजपत्राच्या संकेतस्थळावरून मूळ अंक उतरवून घ्या आणि प्रसिद्धीची तारीख त्यावरूनच मोजा. फॉरवर्ड केलेल्या पानावर पहिलं पान किंवा शेवटची टीप गळालेली असते. हरकती कोणाकडे आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या, ते नेमकं तिथेच असतं.

तुमच्या मसुद्यातले तीन मुद्दे

शुल्क. ३,००० रुपये परवडत नाहीत हे खरं असलं तरी एवढाच मुद्दा पुरत नाही. आधी बघा, शुल्क घ्यायचा अधिकार मूळ कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे का. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं की कायद्यात तसा स्पष्ट अधिकार नसेल तर नियमातून शुल्क लावता येत नाही, अधिकार गृहीत धरता येत नाही. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही, आणि शुल्क नावाने घेतलेली पण सेवेशी काही नातं नसलेली रक्कम कराच्या जवळ जाते. अधिकार असेल तर मग दराकडे वळा: सहापट वाढ कशाच्या आधारावर, त्या बदल्यात तपासणी किंवा सेवा किती वाढणार, आठ मागांच्या आणि शंभर मागांच्या कारखान्याला एकच दर का. विभागाने खर्चाचा हिशेब मांडलेला नसेल तर तो मागा.

मागची तारीख. मागच्या १ एप्रिलपासून शुल्क हा तुमच्या मसुद्यातला सर्वांत कच्चा धागा आहे. विधिमंडळ मागील तारखेपासून कायदा करू शकतं. पण ज्याला नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे, त्याला मूळ कायद्याने तशी मुभा दिली नसेल तर मागे जाता येत नाही. १९७२ च्या हुकमचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं, आणि तो नियम संसदेपुढे ठेवला होता म्हणून तो वाचला नाही. हा मुद्दा हरकतीत पहिल्या क्रमांकावर घ्या.

दंड. दंडाची कमाल मर्यादा मूळ कायद्यात किती आहे? नियमभंगाला कायद्याने पाच हजारांची मर्यादा घातली असेल तर नियम पंचवीस हजार म्हणू शकत नाही. दुसरं, दंड ठरवायचा अधिकार त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला कायद्याने दिला आहे का? आणि तिसरं, नोटीस, बाजू मांडायची संधी आणि अपील यांतलं मसुद्यात काय आहे? "जागेवरच" या शब्दावर बोट ठेवा. नोंदवही कारखान्यात नसून लेखापालाकडे असते, हे तुमच्यासारख्या छोट्या कारखान्यांत रोजचं आहे. ते लिहा, आणि सात दिवसांत वही दाखवण्याची मुभा सुचवा.

हरकत कशी लिहायची

चार रकाने पाडा: मसुद्यातला नियम क्रमांक, आक्षेप, कारण, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. चौथा रकाना लोक गाळतात आणि तिथेच हरकत फुकट जाते. विभागातला कक्ष अधिकारी सगळ्या हरकतींचा गोषवारा करून वर पाठवतो. "नियम रद्द करा" याला तो "मान्य करता येत नाही" एवढं लिहून मोकळा होतो. "नियम ४ मध्ये 'दिनांक १ एप्रिलपासून' याऐवजी 'अंतिम प्रसिद्धीच्या दिनांकापासून' असे शब्द घालावेत" असं लिहिलं तर त्याला कारण देऊन हो किंवा नाही म्हणावं लागतं. मान्य केलं तर ते शब्द उचलून तसेच घालता येतात. कामाच्या गर्दीत ही सोय मोठी असते.

एकच छापील मजकूर आणि खाली दोनशे सह्या, असं करू नका. तो गोषवाऱ्यात एक मुद्दा म्हणून येतो. त्यापेक्षा दहा कारखान्यांनी आपापल्या आकड्यांनिशी दहा हरकती द्याव्यात: माग किती, कामगार किती, महिन्याचं वीजबिल, वर्षाची उलाढाल, सध्या किती परवाने आणि त्यांचं एकूण शुल्क. सोबत वीजबिल आणि जीएसटी विवरणाची छायाप्रत. संघटनेचं वेगळं पत्र असावंच, पण ते या दहांच्या जोडीला. आणि जे विभागाच्या हातात नाही ते मागू नका. कायद्याचं कलमच बदला, ही मागणी विधिमंडळाकडे जाते, नियमाच्या हरकतीत ती वाया जाते.

मुदतवाढ मागायची असेल तर हरकतीच्या सोबत मागा, हरकतीऐवजी नाही. मुदतवाढीची वाट बघत बसलेले लोक मुदतही घालवतात आणि हरकतही.

मराठीत लिहा. गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे, इंग्रजीसाठी अडू नका. पाठवताना ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. मसुद्यात "मिळालेल्या हरकती" असे शब्द असतात, म्हणजे पोस्टात टाकल्याची तारीख चालत नाही, पोहोचल्याची चालते. मुदतीला पाचच दिवस उरले असतील तर पोस्टावर विसंबू नका. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने कोणीतरी एकाने दहाही हरकती घेऊन जावं, मंत्रालयात विभागाच्या नोंदणी शाखेत द्याव्यात, आणि प्रत्येकीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. हा शिक्का पुढे न्यायालयापर्यंत कामाला येतो.

आता आमदार कशावर बोलणार, ते

नियम अंतिम झाला की गोष्ट सभागृहात येते, आणि हे त्या कार्यालयात तुम्हाला सांगायला हवं होतं. महाराष्ट्राच्या बहुतेक कायद्यांत नियम करण्याच्या कलमाचं शेवटचं पोट-कलम ठरलेल्या साच्याचं असतं: प्रत्येक नियम शक्य तितक्या लवकर दोन्ही सभागृहांपुढे, अधिवेशन चालू असताना, एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून एकूण तीस दिवस ठेवायचा. त्या किंवा लगतच्या पुढच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहं नियमात बदल करायला किंवा नियमच नको म्हणायला सहमत झाली, तर तो निर्णय राजपत्रात छापल्याच्या तारखेपासून नियम तसा बदलतो किंवा संपतो.

हे तीस दिवस कॅलेंडरचे नाहीत, अधिवेशनाचे आहेत. नागपूरचं हिवाळी अधिवेशन अलीकडे एक-दोन आठवड्यांतच आटोपतं, त्यामुळे डिसेंबरात ठेवलेल्या नियमाचे दिवस मुंबईच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात पुरे होतात. तुमचा वेळ म्हणजे महिना नाही, दोन अधिवेशनं आहेत. मात्र तोवर नियम लागू असतो. सभागृहांनी नंतर तो फेटाळला तरी आधी झालेली कार्यवाही कायम राहते, भरलेलं शुल्क त्यामुळे परत येत नाही. म्हणून पहिल्या अधिवेशनातच हालचाल हवी.

विभागाने नियम सभागृहापुढे ठेवलाच नाही तर? तो आपोआप मरतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९७९ च्या ॲटलस सायकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसतं पटलावर, म्हणजे सभागृहापुढे ठेवण्याची अशी तरतूद निर्देशात्मक (पाळावी अशी, पण सक्तीची नाही) धरली, तेवढ्या चुकीने नियम अवैध ठरला नाही. आम्हाला हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा ढिलेपणा वाटतो. विधिमंडळाने दिलेला अधिकार वापरून विभागाने काय केलं, हे विधिमंडळाला दाखवणं ही उपचाराची बाब असू नये. पण न्यायालयात हा मुद्दा तोकडा पडला तरी सभागृहात तो धारदार आहे. "अमुक तारखेचा नियम पटलावर का ठेवला नाही?" या प्रश्नाला मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं.

पटलावर आलेल्या शेकडो कागदांतून तुमचा नियम कोण वाचणार? त्यासाठी उपविधान समिती आहे. आमदारांची ही समिती नियम मूळ कायद्याच्या चौकटीत आहेत का, ते तपासते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, राज्यसभेत १९६४ पासून. दोन्हींत पंधरा-पंधरा सदस्य, आणि लोकसभेच्या समितीत मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत, हे महत्त्वाचं. लोकसभेच्या समितीने काय तपासायचं ते नियमावलीत लिहिलेलं आहे आणि तुमच्या हरकतीशी ते जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं: नियम कायद्याच्या हेतूला धरून आहे का, जे कायद्यातच असायला हवं ते नियमात घातलं आहे का, त्यातून कर लागतो का, न्यायालयाचा दरवाजा बंद होतो का, अधिकार नसताना मागील तारखेपासून लागू केला आहे का, अधिकाराचा अनपेक्षित वापर आहे का, छापायला किंवा सभागृहापुढे ठेवायला अवाजवी उशीर झाला का.

म्हणून समितीकडे जाताना "शुल्क जास्त आहे" म्हणू नका, दर योग्य की अयोग्य हे तिचं काम नाही. "हे शुल्क घ्यायचा अधिकार कायद्यात नाही आणि मागची तारीख लावायचा तर नाहीच" असं म्हणा.

आमदारांना एका पानाचं पत्र द्या. नियमाचं नाव, राजपत्राचा भाग आणि तारीख, मूळ कायद्याचं कलम, तुमचे दोन मुद्दे, आणि खाली स्पष्ट मागणी: नियम पटलावर कधी ठेवला हे विचारावं, तो उपविधान समितीकडे तपासणीसाठी न्यावा, आणि गरज पडल्यास फेरबदलाच्या प्रस्तावाची सूचना द्यावी. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र घेऊन गेलात तर ती गाडी सुटलेली असते. मग लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना उरते, आणि तिथे रांग मोठी.

दोन्ही सभागृहं सहमत व्हावी लागतात, म्हणून विधान परिषद विसरू नका. घरात कोणी पदवीधर मतदार म्हणून नोंदलेलं असेल तर पुणे विभाग पदवीधर मतदारसंघाचे आमदारही तुमचेच आहेत, सोलापूर जिल्हा त्यातच येतो. सहसा त्यांच्याकडे असली पत्रं घेऊन कोणी जात नाही. नियम केंद्र सरकारचा असेल तर हेच पत्र खासदारांना आणि लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालयातल्या समितीला.

समितीचं वजन किती

याचं उत्तम उदाहरण विडीचं आहे, आणि सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांचं घर माहीत नाही असं कोणी नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये २००३ च्या तंबाखू कायद्याखाली नियम बदलला: पाकिटावरचा सचित्र इशारा ४० टक्क्यांवरून ८५ टक्के, १ एप्रिल २०१५ पासून. लोकसभेच्या समितीने तो तपासायला घेतला. अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी अध्यक्ष होते. मार्च २०१५ मध्ये समितीने अंमलबजावणी थांबवायला सांगितलं आणि सरकारने ती पुढे ढकलली. समितीतल्या एका सदस्याचा स्वतःचा विडीचा व्यवसाय होता, त्यावरून टीका झाली, आणि ती रास्त होती. ज्याचा धंदा त्या नियमाखाली येतो त्याने तो नियम तपासायला बसू नये. मार्च २०१६ मध्ये समितीने ५० टक्क्यांची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्केच लागू केले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केला, आणि ८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

एका नियमाभोवती मंत्रालय, संसदीय समिती आणि न्यायालय असे तिघेही फिरले. समिती नियमाचा वेग रोखू शकली, दिशा बदलू शकली नाही, कारण तिची शिफारस बंधनकारक नसते. बंधनकारक फक्त दोन्ही सभागृहांचा ठराव. तुमच्यासाठी मात्र तेवढा वेग रोखणंही मोलाचं ठरू शकतं. तपासणी सुरू आहे म्हटल्यावर विभाग बऱ्याचदा स्वतःच सुधारणा काढतो. नियम करण्याच्या अधिकारातच तो बदलण्याचा आणि मागे घेण्याचा अधिकार असतो, त्यामुळे अंतिम झालेल्या नियमावरही सुधारणेचा अर्ज कधीही देता येतो.

सभागृहाने एकट्याने झटपट नियम रद्द का करू नये, असं वाटेल. अमेरिकेत ती रीत होती. केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा या विद्यार्थ्याची हद्दपारी तिथल्या स्थलांतर खात्याने थांबवली आणि प्रतिनिधीगृहाने एकट्याने तो निर्णय फिरवला. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली: दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षांची सही, या वाटेनेच जायचं. पुढे १९९६ च्या कायद्याने नियम फेटाळायची रीतसर वाट घातली. एका सभागृहाचा बहुमताचा लहरी हात हाही धोकाच असतो, आणि आपल्याकडे दोन्ही सभागृहांची अट आहे ती त्यासाठीच योग्य आहे.

दुसऱ्या टोकाचा धोका सोलापूरने स्वतः भोगला आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ आला. वटहुकूम गव्हर्नर जनरलचा, हुकूम लष्करी अधिकाऱ्यांचे, आणि "हा अधिकार कुठून आला?" असं विचारणारं लोकांचं सभागृह मध्ये नाही. आजच्या परवाना शुल्काची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. पण नियमाखाली मूळ कायद्याचं कलम लिहावं लागतं, तो छापावा लागतो, दाखवावा लागतो, या पायऱ्या क्षुल्लक समजू नयेत, हे या शहराला वेगळं सांगायला नको.

हरकत नाकारली आणि नियम तसाच आला, तर

माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. मागायचं एवढंच: आलेल्या हरकतींचा गोषवारा, त्यावरचे विभागाचे आणि विधी व न्याय विभागाचे अभिप्राय, आणि शुल्काचा दर ठरवताना केलेला हिशेब. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. हा अर्ज आत्ता, मुदत चालू असताना टाकून उत्तराची वाट बघू नका, तीस दिवस तुमच्या नऊ दिवसांत बसत नाहीत.

नियम रद्द करणं जिल्हा न्यायालयाच्या हातात नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे, त्यामुळे मुंबईची फेरी वाचते. मसुद्यावर याचिका सहसा टिकत नाही, न्यायालय म्हणतं अजून नियम झालेलाच नाही. अंतिम अधिसूचना आल्यावर मात्र रेंगाळू नका. वकिलांकडे जाताना तीन कागद न्या: अंतिम राजपत्र, मूळ कायद्याची तीन कलमं, आणि आवक शिक्क्याची हरकत. तुम्ही स्वतः याचिकादार झालात तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आधी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा.

तुमच्या पत्रात मूळ अधिनियमाचं नाव आणि कलम नाही. राजपत्राच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो आजच पाठवा. शुल्क आणि दंडाचा अधिकार त्या कलमात बसतो की नाही, ते बघून हरकतीच्या चौथ्या रकान्यातले शब्द उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवतो.